चोभेच्या टायगरची साक्ष

“आत नको, इथंच बसू,” चोभे म्हणाला आणि व्हरांड्यातली खुर्ची त्यानं माझ्याकडे सरकवली.

दिगंबर चोभेच्या घरी मी कित्येक वर्षं जात होतो, पण व्हरांड्यात बसायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. व्हरांडा वर्गणी मागायला येणाऱ्यांसाठी होता. मी चप्पल काढायचो, सरळ आतल्या खोलीत जायचो आणि त्याच्या टेबलाशी बसायचो. आता आतलं दार लोटलेलं होतं आणि दाराला पडदाही लावलेला होता. हा पडदा मी पूर्वी पाहिला नव्हता.

“थांब, दाखवतो तुला,” असं म्हणून तो आत गेला. जाताना त्यानं दार पुन्हा लोटून घेतलं. थोड्या वेळानं तो दोन्ही हातांत तबक धरून आला. तबकात टायगर रणगाडा होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा नगरमध्ये आमचं एक लहानसं मंडळ होतं. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून रणगाड्यांच्या प्रतिकृती करायच्या, हा आमचा नाद. नगरच्या माणसाला रणगाड्याचं अप्रूप नसतं, रस्त्यानं खरे जाताना तो लहानपणापासून बघतो. चोभे तर लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, खऱ्या रणगाड्यांची इंजिनं उतरवलेला माणूस. मी, निसळ, कॉलेजात ग्रंथपाल होतो. रणगाड्यांबद्दल मी जे काही जाणतो ते वाचून. आत बसण्याचा प्रसंग एकदा आला होता, पण झाकणातून उतरायची मला भीती वाटली.

चोभेनं तबक माझ्यासमोर ठेवलं. वीतभर लांबीचा तो रणगाडा मी बघितला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

चोभेचं काम मला पाठ होतं. त्याचे रणगाडे दणकट असत. चिकटवायचं सोल्युशन सांध्यातून ओघळलेलं, चाकं किंचित तिरकी आणि रंगात कुठे तरी अंगठ्याचा ठसा. त्या ठशाला आम्ही ‘चोभेची सही’ म्हणायचो. या टायगरवर सही नव्हती. पट्ट्याची एकेक कडी सुटी दिसत होती. आणि त्याच्या सगळ्या अंगावर लेप होता.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन लोक रणगाड्यांना असा एक लेप थापत, लोहचुंबकाचे सुरुंग चिकटू नयेत म्हणून. ओल्या लेपावर आडव्या रेघा पाडलेल्या असत. कारखान्याच्या खोक्यात तो लेप मिळत नाही. लाकडाच्या भेगा बुजवतात तसली लांबी मळून तो स्वतः लावावा लागतो, आणि त्यापायी चांगल्या चांगल्यांचे रणगाडे वाया जातात. माझे दोन गेले होते. इथं मात्र रेघा अशा बसल्या होत्या, की जणू त्या अंगाबरोबरच उगवल्या असाव्यात.

“या रेघा कशानं पाडल्यास?” मी विचारलं.

“कशानं म्हणजे? हातानं.”

“हातानं खरंच. पण हत्यार कोणतं?”

“आहे एक.” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “चहा घेणार ना? मीच करतो.”

“वहिनी नाहीत?”

“इंदूरला गेलीय. वंदनाकडे. बाळंतपण आहे.”

“वंदनाचं?” मी म्हणालो. त्याच्या वंदनाचा मुलगा तेव्हा दहावीला होता.

“वंदनाचं कसं असेल, वेड्या! तिच्या नणंदेचं.” चोभेनं कपाळ पुसलं. थंडीचे दिवस होते.

लेकीच्या नणंदेच्या बाळंतपणाला नगरहून इंदूरला जाणारी बाई मी ऐकली नव्हती. पण मी कोण बोलणार? बायकांच्या जगातलं मला काय कळतं, असं म्हणून मी त्यानं आणलेला चहा घेतला. चहा पाकासारखा गोड होता. तो पिताना माझं लक्ष पायरीकडे गेलं. तिथं शालनवहिनींच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या. इंदूरला काय त्या अनवाणी गेल्या?

“रविवारी तू साक्ष देशील ना?” चोभेनं हळूच विचारलं.

आता हे साक्षीचं सांगायला हवं. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात पूर्वी एकानं विकत आणलेली प्रतिकृती स्वतःची म्हणून मांडली होती. तेव्हापासून नियम झाला, की प्रत्येक प्रतिकृतीसाठी दुसऱ्या सभासदानं सगळ्यांसमोर उभं राहून ‘हे काम माझ्या डोळ्यांदेखत झालं’ असं म्हणायचं. दरवर्षी चोभेची साक्ष मी द्यायचो आणि माझी तो. पण श्रावणापासून चोभेनं मला एकदाही कामाला बसताना बोलावलं नव्हतं. मी या टायगरचं एक चाकसुद्धा लागताना बघितलं नव्हतं.

“मी बघितलं कुठंय, चोभे?”

“आता बघतोयस की.”

“झालेलं बघतोय.”

त्यानं तबक उचललं. “मी कधी तुझ्याकडे काही मागितलंय?” एवढंच बोलून तो आत गेला आणि दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी माझी दाढ दुखत होती म्हणून, किंवा दाढेचं निमित्त करून, मी डॉक्टर भळगटांकडे गेलो. भळगट दातांचे डॉक्टर आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष. दात कोरायच्या हत्यारांनीच ते रणगाड्यांचे बारीक सांधे कोरत. कुठलं हत्यार कुठं वापरलेलं आहे, हे आम्ही कधी विचारत नसू. खुर्चीत दुसरा एक पेशंट तोंड उघडून पडला होता.

“बोला सर. याच्यासमोर बोला, हा काही बोलू शकत नाही,” भळगट म्हणाले.

“तुम्ही चोभेचा टायगर बघितलात?”

“बघितला. परवा रस्त्यात त्याला गाठलं, तर खोका छातीशी धरून चालला होता. फोटो काढून आणला म्हणे. मी झाकण उचलून बघितलं.” त्यांनी पेशंटच्या तोंडातला कापूस बदलला. “सर, हल्ली परदेशातून तयार करून मिळतात. तुम्ही फक्त पैसे मोजायचे.”

“चोभे तसं करणार नाही.”

“मग साक्ष द्या. तुम्ही उभं राहून सांगितलंत, की मी गप्प. मंडळात खोटं न बोलणारा माणूस एकच आहे.” ते हसले. “बोलतच नाही तो फारसा, म्हणून असेल.”

खुर्चीतला पेशंट घशातल्या घशात हसला. मी दाढ न दाखवताच बाहेर पडलो.

भळगटांनी मला चांगलंच अडकवलं होतं. साक्ष नाकारली, की चोभे सगळ्यांसमोर चोर ठरणार आणि माझा एकुलता एक मित्र जाणार. दिली, तर मी खोटारडा, आणि तेही स्वतःच्या मनात, जिथून पळायला जागा नसते. कदाचित माझंच काही चुकत असेल, चोभेचा हात म्हातारपणी सुधारला असेल, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. ते काही पटलं नाही. म्हणून मी ठरवलं, न कळवता दुपारी त्याच्याकडे जायचं. काम करताना सापडला तर प्रश्नच मिटला.

फाटकाची कडी मी आवाज न करता काढली. बाजूनं, पेरूच्या झाडाखालून आतल्या खोलीची खिडकी जवळ पडते. खिडकी अर्धी उघडी होती. आतून बाईचा आवाज आला.

“ए दिगंबर! ये ना इकडे. बोट धर इथं.”

मी जागच्या जागी थांबलो.

“अगं धरलंय की,” चोभेचा आवाज. त्यात हसू होतं.

“नीट धर रे! हलतोयस तू.”

आणि दोघंही हसली.

मी मागे फिरलो. फाटकाची कडी लावली की नाही, तेही मला आठवत नाही. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, की मी छातीवर हात ठेवून चालतो आहे.

ती शालनवहिनी असणं शक्यच नव्हतं. आमच्या पिढीतली बाई नवऱ्याला हाक मारते ती ‘अहो’ म्हणून. शालनवहिनी तर त्याही पुढच्या. परक्यासमोर ‘अहो’सुद्धा म्हणायच्या नाहीत, ‘ऐकलं का’ म्हणायच्या. मंडळाच्या तिळगुळाला सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं होतं, तेही पदराआडून, शेवटचं अक्षर गिळून. तीच बाई भरदुपारी ‘ए दिगंबर’ म्हणेल? चोभेला अरे-तुरे करणारी एकच बाई मी ऐकली होती, ती त्याची आई, आणि ती जाऊन जमाना लोटला होता.

मग सगळंच जुळत गेलं. पडदा, लोटलेलं दार, इंदूरचं बाळंतपण. वहिनी बाहेर आहेत, घरात दुसरी कोणी आहे, आणि त्या दुसरीचे हात टायगर करण्याइतके कसबी आहेत. चपलांचं तेवढं जुळत नव्हतं. पण संशयाला लागलेला माणूस चपला बाजूला ठेवतो. चोभे, सत्तरीला टेकलेला, गुडघे धरून जिना उतरणारा चोभे! मला त्याचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं नवलही वाटलं.

शनिवारी मी त्याच्या दारात उभा राहिलो तो नकार द्यायलाच. या वेळी घंटा वाजवली. चोभेनं दार उघडलं आणि सवयीनं व्हरांड्यातली खुर्ची ओढली.

“बसत नाही,” मी म्हणालो. “साक्ष द्यायला मला जमणार नाही.”

“का?”

“घरात कोण आहे?”

“कुणी नाही. मी आहे.”

“मी ऐकलंय, चोभे. परवा. खिडकीखालून.”

त्याचा चेहरा उतरला. मी आयुष्यात कुणाला असं पकडलं नव्हतं.

“काय ऐकलंस?”

“तुला कोणी तरी नावानं हाक मारत होतं. ए दिगंबर म्हणून. वहिनी तिकडे इंदूरला आणि तू... या वयात...”

चोभे माझ्याकडे बघत राहिला. मग तो हसायला लागला. हसता हसता खुर्चीत बसला, आणि बसल्यावर त्याचं हसणं एकदम बंद झालं. त्यानं डोळ्यांवर पंजा धरला.

“तुला वाटलं मी बाई ठेवली!” तो म्हणाला. “शालन, ऐकलंस का गं? निसळला वाटलं...”

“दिगंबर, कोण आलंय रे?” आतून विचारणा झाली, आणि पडदा सरकला.

दारात शालनवहिनी उभ्या होत्या. केस कापून आखूड केलेले, बोटं लांबीनं पांढरी झालेली. मला बघताच त्यांनी ते पांढरे हात तोंडावर नेले. गालांवर बोटं उमटली. आत पळून जाव्यात तशा त्या वळल्या, पण चोभेनं त्यांचा पदर धरला.

“निसळच आहे. परका आहे का तो?”

त्या माझ्याकडे वळल्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“उठा,” त्या म्हणाल्या. “उठा ना.”

मी उभाच होतो. काय करावं मला कळेना.

“बसा म्हणतेय ती,” चोभे म्हणाला.

मी बसलो. वहिनींनी मान हलवली; हो, तेच.

मग चोभेनं सांगितलं. श्रावणात मेंदूत रक्तस्राव होऊन त्या स्वयंपाकघरात कोसळल्या. नगरच्या दवाखान्यातून पुण्याला नेलं, मंडळात कुणाला कळवलं नाही. हातपाय वाचले, पण शब्दांची अदलाबदल झाली. पाण्याला दिवा म्हणत, दिव्याला सोमवार. आपलं चुकतंय हे ऐकू येई, पण बरोबर शब्द हाताला लागत नसे.

“तिथला डॉक्टर तरुण होता,” चोभे म्हणाला. “रोज सकाळी यायचा, माझ्याकडे बोट करायचा आणि हिला विचारायचा, हे कोण? नाव सांगा. ही नुसती मान खाली घालायची. त्याला वाटायचं हिला येत नाही. मी म्हटलं, अहो डॉक्टर, ती नाव घेत नाही माझं. तो म्हणाला, आता घ्यावं लागेल. पंधरवडाभर तिच्याकडून घोकून घेतलं त्यानं. एक दिवस म्हणाली, दिगंबर. सगळ्यात आधी परत आलेला शब्द तो. आणि आला तो एकटाच आला. ‘अहो’ गेलं ते गेलंच.”

वहिनी जमिनीकडे बघत होत्या.

“घरी आणल्यावर शेजारच्या बाई भेटायला आल्या. त्यांच्यासमोर ही मला म्हणाली, ए दिगंबर, पाणी आण. बाई हसल्या. गल्लीभर सांगितलं त्यांनी, चोभेबाई नवऱ्याला गड्यासारखं हाकारतात. तेव्हापासून हिनं दार लावून घेतलं. कुणी आलं की कपाटामागे जायची. मग मीच इंदूर काढलं.”

“नणंदेचं बाळंतपणही तूच काढलंस?” मी म्हणालो.

“ते तू अंगावर आलास म्हणून सुचलं.”

वहिनींना हसू आलं. त्या आत गेल्या. चोभेनं मला खूण केली आणि आम्ही त्यांच्यामागे गेलो. टेबल तेच होतं, पण चोभेच्या खुर्चीत आता त्या बसल्या. टायगरच्या मागच्या बाजूला चार बोटं जागा अजून उघडी होती. चोभेनं ती त्या दिवशी व्हरांड्यात माझ्यापासून भिंतीकडे वळवून ठेवली असणार.

चोभे लांबीचे दोन भाग मळायला लागला. वहिनींनी त्यातला ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा घेतला, बोटाला पाणी लावलं, आणि तो गोळा एका फणीच्या दातांवर ठेवून अंगठ्यानं हलकेच दाबत पुढे सरकवला. फणीवरून पातळ, रेघारेघांची चकती सुटून आली. ती त्यांनी चिमट्यानं उचलून आधीच्या चकतीला अशी भिडवली, की सांधा दिसेना.

“फणुले!” मी ओरडलोच.

लग्नाच्या रुखवतासाठी रव्याच्या कणकेचे गव्हले, नखुले, फणुले करतात, हे मी बहिणीच्या लग्नात बघितलं होतं. सावेडीतल्या कितीतरी लग्नांत शालनवहिनींचे फणुले मांडलेले असत. मी मात्र परदेशी मासिकांत या लेपाच्या युक्त्या शोधत बसलो होतो.

“फ...णुले,” वहिनी माझ्यामागून म्हणाल्या. त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा मनाशी म्हणून बघितला.

“उवांची फणी आहे ती,” चोभे म्हणाला. “भळगटला सांगू का, हत्यार कुठलं ते? मी एकटाच करत बसलो होतो रे. माझ्या हातून लेपाचा नुसता चिखल झालेला. ही कपाटाजवळून बघत होती. एकदम आली आणि म्हणाली, ए दिगंबर, काय करून ठेवलंस हे, दे इकडे. आजारानंतरचं तिचं पहिलं धड वाक्य. त्या दिवसापासून मी टेबलाला हात लावलेला नाही.”

“मग सांगून टाक ना सगळ्यांना. प्रदर्शनात तुझ्या नावानं कशाला?”

चोभेनं आवाज खाली आणला. “हा रणगाडा लोकांनी बघावा असं तिला फार वाटतंय. पण तिला स्वतःला कुणी बघू नये, असंही वाटतंय. मी काय करू? जन्मभर माझंच नाव लावलं तिनं, अजून एकदा लागेल.”

खुर्ची ओढून मी वहिनींच्या शेजारी बसलो आणि ती चार बोटं जागा भरेपर्यंत बघत राहिलो. त्यांनी मला उठवलं नाही. एकदा तर चिमटा माझ्या हातात देऊन त्यांनी माझ्याकडे सूर्य मागितला. मी गोंधळलो, मग भिंग पुढे केलं. तेच हवं होतं.

निघताना चोभेनं पुन्हा विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही.

रविवारी सभागृहात बऱ्यापैकी गर्दी होती. टायगरभोवती माणसं वाकून उभी होती. शालनवहिनी डोक्याला स्कार्फ बांधून शेवटच्या ओळीत बसल्या होत्या. ओळखीच्या बायका येऊन “कधी आलात इंदूरहून?” म्हणत होत्या आणि वहिनी नुसत्या हसून मान हलवत होत्या. चोभे त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

भळगटांनी डोळ्यांवरचं भिंग कपाळावर सरकवलं. “टायगर. दिगंबर चोभे. साक्ष?”

मी उभा राहिलो. “हा रणगाडा माझ्या डोळ्यांदेखत झाला,” मी म्हणालो. चार बोटं का होईना, ते खरं होतं. मी खाली बसायला लागलो.

“थांबा सर. वाक्य पुरं करा,” भळगट म्हणाले. “कुणाच्या हातानं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. ‘चोभेच्या’ एवढा एक शब्द. चोभे मान वर करत नव्हता. माझ्या तोंडून तो शब्द निघेना आणि खरा शब्द काढायचा मला अधिकार नव्हता. समोरच्या ओळीत कुजबूज सुरू झाली. कुणी तरी “विकतचा” म्हणालं, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

“ए दिगंबर!”

सगळ्या माना मागे वळल्या. शालनवहिनी उभ्या होत्या. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

“सांग की त्यांना,” त्या म्हणाल्या. “सांग ना रे.”

“अगं बाई!” कुणी तरी म्हणालं, आणि दोघी-तिघी तोंडाला पदर लावून खिदळल्या. वहिनींनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा लाल झाला, पण त्या खाली बसल्या नाहीत.

“शालनवहिनींच्या हातानं,” मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “सगळं काम त्यांचं. मी शेजारी बसून बघितलंय.”

भळगट टेबलाशी गेले, भिंग डोळ्यांवर ओढून टायगरवर वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. “आणि चोभे, तुम्ही काय केलंत?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“मी लांबी मळली,” चोभे म्हणाला.

या वेळी हसले ते सगळेच हसले, भळगटही. “राहू द्या टेबलावर,” ते म्हणाले. “नावाची चिठ्ठी तेवढी बदलतो.”

शालनवहिनी खुर्च्यांच्या मधून वाट काढत टेबलाकडे निघाल्या होत्या. खिदळणाऱ्या बायकांच्या जवळून जाताना त्या किंचित अडखळल्या, मग मागे वळून त्यांनी हात पुढे केला. “दिगंबर, ये ना.”

चोभे गुडघे धरून उठला. सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, “आलो, अहो.”

वहिनी थांबल्या. घरात कुठे तरी ठेवून विसरलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी, तशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याचा हात धरला, आणि गर्दी त्यांना वाट द्यायला बाजूला झाली.